अतिसंवेदनशील मन, मेंदूची वेगळी घडण आणि मानसोपचार

ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. हात मोडला तर प्लास्टर घालतो आणि शेजारीपाजारी भेटायला येतात. परंतु एखादा शिकलासवरलेला, नोकरीला लागलेला माणूस गर्दीत गुदमरतो, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्याने हैराण होतो, कोणाचे साधे बोलणे चार-चार दिवस मनात घोळवत बसतो, किंवा तीन कामे एकदम समोर आली की त्यातले एकही पुरे करू शकत नाही, तेव्हा त्याला भेटायला कोणी येत नाही. त्याला नावे मात्र ठेवली जातात. ‘एककल्ली’, ‘तिरसट’, ‘रडका’, ‘आळशी’ ही त्यातली सौम्य नावे होत.

अशा प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी आज मानसोपचाराची शास्त्रशुद्ध वाट उपलब्ध आहे. तिची माहिती संस्थेच्या सभासदांपर्यंत, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून नाशिक रोड येथे बँकेत लिपिक आहोत. या विषयाचे वाचन करण्याची वेळ आमच्यावर का आली, ते आधी सांगितले पाहिजे.

एका सहकाऱ्याची हकिगत

आमचे एक सहकारी होते आणि आजही आहेत. त्यांच्या परवानगीने ही हकिगत देत आहोत. नावाची गरज नाही. दिवसाअखेर हिशेब जुळत नसला की सगळी शाखा त्यांच्याकडे धावे आणि ते पाच मिनिटांत चुकीच्या वाउचरवर बोट ठेवीत. परंतु महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, प्रेसमधून निवृत्त झालेल्यांची व लष्करी पेन्शनरांची रांग दारापर्यंत लागली की याच माणसाचे रूप पालटत असे. पासबुक प्रिंटरची खरखर, टोकनचा भोंगा, चार जणांचे एकाच वेळी विचारणे, यात ते एकदम गोठून जात. उत्तर दिले तर तुटक देत. मग तक्रार होई. साहेबांनी सर्वांसमोर विचारावे, “एवढी साधी गोष्ट जमत नाही?” आणि चहाच्या वेळी कोणीतरी हळूच म्हणावे, “आरक्षणवाले असेच.”

हे वाक्य आम्ही स्वतः ऐकले आहे. ज्याचा मेंदू गोंगाट सहन करू शकत नव्हता, त्याची अडचण क्षणात त्याच्या जातीच्या खाती जमा झाली. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिली जाणारी गोष्ट आपल्या माणसाच्या बाबतीत ‘लायकी’ म्हणून मोजली जाते. आम्ही हसलो नाही हे खरे, परंतु गप्प बसलो हेही तितकेच खरे. या सहकाऱ्याने एकदा आम्हाला सांगितले की रात्री झोप येत नाही आणि सकाळी शाखेचे शटर पाहिले की पोटात गोळा येतो. तेव्हा कोठे आम्ही जागे झालो व त्यांच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्या वेळी त्यांचे वय एकोणचाळीस होते.

शब्दांचा अर्थ

दोन गोष्टी येथे वेगळ्या करून समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अतिसंवेदनशीलता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इलेन अ‍ॅरन यांनी १९९६ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि ही कल्पना सर्वत्र पोहोचली. काही व्यक्तींची मज्जासंस्था आवाज, प्रकाश, वास, इतरांच्या चेहऱ्यावरील भाव हे सारे अधिक खोलवर टिपते आणि म्हणून लवकर थकते. अ‍ॅरन यांच्या अंदाजाप्रमाणे शंभरातील पंधरा ते वीस माणसे अशी असतात. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्थान नाही. तो स्वभावाचा एक प्रकार होय. अशा माणसाला त्रास होतो तो बहुधा भोवतालच्या माऱ्यामुळे आणि लहानपणापासून ऐकलेल्या ‘एवढे काय मनाला लावून घेतोस’ या वाक्यामुळे.

दुसरी गोष्ट मेंदूची वेगळी घडण. इंग्रजीत अशा व्यक्तींना हल्ली ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. यात मुख्यतः स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, अवधान टिकविण्याची व चंचलतेची अडचण म्हणजे एडीएचडी, आणि वाचन-लेखन-गणितातील अध्ययन अक्षमता, जिच्यातील डिस्लेक्सिया हा शब्द २००७ च्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटाने घरोघरी पोहोचविला, यांचा समावेश होतो. यांचे रीतसर निदान करता येते. ही घडण जन्मापासून असते व आयुष्यभर राहते. आईवडिलांच्या वागण्याने, नजर लागल्याने किंवा मागच्या जन्माच्या कर्माने ती येत नाही, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

मग ती चाळिशीत कशी उघड होते? याचे उत्तर इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये स्वमग्नतेची वर्णने केली, ती मुलांची. जे व्यवस्थित बोलतात, परीक्षा पास होतात, तेही स्वमग्न असू शकतात हे १९८१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर लॉर्ना विंग यांच्या लेखानंतर जगाच्या ध्यानात येऊ लागले. एडीएचडी हा फक्त खोडकर मुलांचा विकार आहे, असाही समज बरीच वर्षे होता. आपल्या महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास शासनाने १९९६ साली मान्यता दिली. आमची स्वतःची दहावी १९९५ ची. म्हणजे आमच्या वर्गात जे ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसले, त्यांच्यातील काहींना कदाचित हीच अडचण असेल. त्यांच्यासाठी तेव्हा शब्दही नव्हता आणि सवलतही नव्हती. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच घडले. मुलगी अबोल असली तर तिला ‘गुणी’ म्हणतात. तिला आतून काय सोसावे लागते, याची चौकशी होत नाही.

निदान कसे होते

केवळ पुस्तक किंवा मोबाइलवरील प्रश्नावली वाचून स्वतःला शिक्का लावू नये. झोप न लागणे, विसराळूपणा, चिडचिड ही लक्षणे थायरॉइडच्या दोषात, उदासीनतेत, चिंतेत किंवा दारूच्या सवयीतही दिसतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ प्रथम शारीरिक कारणे तपासतात आणि मग लहानपणाची सविस्तर हकिगत विचारतात. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असणे आवश्यक मानले जाते. आमच्या सहकाऱ्यांच्या वेळी डॉक्टरांनी त्यांच्या आईंना बोलावून घेतले होते. “लहानपणी लग्नाचा बँड आला की हा कोठीत जाऊन बसायचा,” हे त्यांनी सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. तीन-चार भेटींनंतर निदान झाले : सौम्य स्वरूपाची स्वमग्नता आणि तिच्यावर चढलेली चिंता व निद्रानाश.

आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तेव्हा पैशाअभावी तपासणी टाळण्याचे कारण नाही. औषध लिहून देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. चाचण्या घेणारा व बोलण्यातून उपचार करणारा तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, ती विचारून घ्यावी. समुपदेशनाची पाटी लावणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असे नाही.

उपचार म्हणजे नेमके काय

या ठिकाणी मोठा गैरसमज आहे. उपचार घेतले की माणूस ‘चारचौघांसारखा’ होईल, अशी घरच्यांची अपेक्षा असते. तसे होत नाही. घडण तीच राहते. तिच्यावर वर्षानुवर्षे साचलेली भीती, लाज आणि स्वतःविषयीचा तिरस्कार उपचाराने कमी होतो आणि आपल्या घडणीला सोसेल अशी दिनचर्या बसविता येते. त्याचे चार भाग आम्हाला दिसले.

पहिला भाग ओळखीचा. आपल्याला नेमके काय सोसत नाही, याची नोंदवही ठेवायची. आमच्या सहकाऱ्यांनी महिनाभर अशी वही ठेवली, तेव्हा लोकांशी बोलण्याचा त्यांना तितकासा त्रास नाही असे आढळले. त्रास होता तो एकाच वेळी दोन आवाज ऐकण्याचा. इतकी वर्षे ते स्वतःला ‘माणूसघाणा’ समजत होते, ते चूक ठरले.

दुसरा भाग विचारांचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांनी मराठी माणसाला परिचित करून दिली. तिचा गाभा असा : घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपला विचार उभा असतो. साहेब ओरडले, ही घटना. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही,’ हा विचार. झोप उडाली, हा परिणाम. मधला विचार पुराव्याला टिकतो का, हे तपासण्याची सवय या पद्धतीत लावली जाते.

येथे आमचे एक नम्र मत आहे. चांगला उपचारक मनातील चुकीचा विचार आणि बाहेरील खरा अन्याय यांची गल्लत करीत नाही. ‘मी नालायक आहे’ हा विचार तपासून टाकून द्यावा. परंतु जातीवरून टोमणा मारला गेला असेल, तर तो टोमणा मनाचा खेळ नव्हे. तो बाहेर घडलेला आहे आणि त्याची दाद बाहेरच मागावी लागते. ‘तुम्ही उगाच मनाला लावून घेता’ असे म्हणून उपचारक ही गोष्ट उडवून लावीत असेल, तर दुसरा उपचारक पाहावा.

स्वमग्न प्रौढांच्या बाबतीत या पद्धतीत थोडे फेरफार करावे लागतात. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१२ साली दिलेल्या सूचना उपयुक्त आहेत : आडवळणाचे बोलणे व उपमा टाळून सरळ बोलावे, महत्त्वाचे मुद्दे लिहून द्यावेत, भेटीच्या मध्ये विश्रांती द्यावी, नुसत्या विचारांपेक्षा प्रत्यक्ष वागण्यातील बदलावर भर द्यावा, आणि व्यक्तीची इच्छा असल्यास घरातील एखाद्यास सोबत घ्यावे.

तिसरा भाग औषधांचा. स्वमग्नतेच्या मूळ घडणीवर औषध नाही. सोबतची चिंता, उदासीनता, निद्रानाश यांवर आहे. एडीएचडीवर मात्र गुणकारी औषधे आहेत आणि प्रौढांनाही त्यांचा उपयोग होतो. तथापि ती मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच घ्यावीत आणि मनाने सुरू वा बंद करू नयेत. केवळ अतिसंवेदनशील असणाऱ्यास स्वभावासाठी औषध लागत नाही.

चौथा भाग भोवतालचा, आणि आमच्या अनुभवाने तो फार मोलाचा. डॉक्टरांच्या पत्रानंतर, नव्याने आलेल्या शाखाधिकाऱ्यांनी आमच्या सहकाऱ्यांना काउंटरवरून काढून आतल्या टेबलावर क्लिअरिंगचे काम दिले. कामाच्या सूचना तोंडी न देता कागदावर देण्याचे ठरले. जेवणानंतर दहा मिनिटे ते रेकॉर्ड रूममध्ये शांत बसतात. एवढ्यासाठी बँकेला एक रुपयाही खर्च आला नाही. सहा महिन्यांत त्यांची झोप सुधारली. सारे काही सुरळीत झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. बदली होऊन पुन्हा नवी जागा, नवी माणसे येतील या धास्तीने ते बढतीच्या परीक्षेला अद्याप बसलेले नाहीत. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

विपश्यना आणि मानसोपचार

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न हमखास येईल : इगतपुरी जवळच आहे, मग विपश्यना शिबिर पुरेसे नाही काय? सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ पासून धम्मगिरी येथे शिबिरे सुरू झाली आणि असंख्य लोकांना त्यांचा लाभ झाला आहे. श्वासाकडे व संवेदनांकडे सजगतेने पाहण्याची ही साधना आधुनिक वैद्यकानेही आपल्या परीने स्वीकारली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सजगतेवर आधारित ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला, त्याचे मूळ बौद्ध साधनेतच आहे.

तरीही शिबिर म्हणजे मानसोपचार नव्हे. खुद्द शिबिराच्या नियमावलीतच ही साधना वैद्यकीय वा मानसिक उपचारांची जागा घेत नाही आणि गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी शिबिरास येऊ नये, असे बजावलेले आहे. दहा दिवसांचे मौन काही संवेदनशील व्यक्तींना विसाव्यासारखे वाटते. तर ज्याच्या मनात जुन्या आघातांचा साठा आहे, त्याला तेच मौन असह्य होऊ शकते. म्हणून अर्जात आपल्या आजाराची व औषधांची माहिती लपवू नये, डॉक्टरांना विचारावे, आणि शिबिरासाठी औषधे परस्पर बंद करू नयेत. घरी रोज दहा मिनिटांचे आनापान करून पाहणे, ही सुरुवात त्या मानाने सोपी.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले असून स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही आणि अतिसंवेदनशीलतेचाही नाही, हे स्पष्टपणे लक्षात घ्यावे. कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यास योग्य त्या सोयी पुरविणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असल्यास शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणाचा लाभ मिळू शकतो आणि त्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता येतात. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीच्या जाहिरातीतही या गटाच्या जागा दाखविलेल्या असतात. पात्र उमेदवारास लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क आणि उपचारांची गोपनीयता या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. ‘ऑफिसात कळेल’ या भीतीने अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की आपल्या संमतीशिवाय डॉक्टर साहेबांना काही सांगू शकत नाहीत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून चोवीस तास, विनामूल्य व मराठीतूनही मिळते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर एक दिवसही न थांबता तेथे फोन करावा आणि घरच्या विश्वासाच्या माणसाला सांगावे.

सोण भिक्खूच्या पादुका

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंपा नगरीतील श्रीमंत घरात अत्यंत नाजूकपणे वाढलेला हा तरुण भिक्खू झाला आणि इतक्या नेटाने चंक्रमण करू लागला की त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. इतके करूनही काही साधत नाही, तेव्हा घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. भगवान बुद्धांनी त्याला विचारले की वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजते काय? तारेच्या त्या दृष्टान्ताने त्याला मार्ग सापडला. हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे.

कथेचा पुढील भाग तितकासा सांगितला जात नाही. तू नाजूकपणे वाढलेला आहेस, असे सांगून तथागतांनी सोणाला एकपदरी पादुका वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. लोक काय म्हणतील, याची त्याला चिंता होती. साऱ्या संघाला अनुज्ञा मिळाली तर आपणही पादुका घालू, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी संपूर्ण संघाला पादुकांची अनुज्ञा दिली. ज्याचे पाय सोलतात त्याला ‘सहन कर’ असे सांगितले गेले नाही आणि त्याला एकट्याला वेगळेही पाडले गेले नाही. उचित सोय म्हणजे काय, हे यातून चांगले कळते.

आपल्या संस्थेनेही याच धर्तीवर काही साध्या गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. विहाराच्या अभ्यासिकेत एक कोपरा पूर्ण शांततेचा असावा. वर्षातून एकदा मानसोपचारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे आणि प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता विचारण्याची मुभा असावी. दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज भरण्यास मदत करणारे दोन कार्यकर्ते नेमावेत. जयंतीच्या दिवशी मिरवणुकीच्या मार्गावर एखादी बंद खोली अशी ठेवावी, की जेथे लहान मुले, वृद्ध आणि ज्यांना डीजेचा दणका सोसत नाही असे कोणीही तासभर बसू शकेल. जो डीजेजवळ थांबत नाही, त्याचे बाबासाहेबांवरील प्रेम कमी आहे, असे कोणी समजू नये.

आणि सर्वांत शेवटची गोष्ट प्रत्येकाने वैयक्तिक करावयाची आहे. कचेरीत, वर्गात किंवा घरात कोणी अशा माणसाची टिंगल करील, तेव्हा आपण गप्प बसू नये. आम्ही बसलो होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आणि ते लिहिण्याचे ऋण, दोन्ही आमच्याकडे आहेत.

संस्थेच्या यंदाच्या स्नेहसंमेलनास आमचे ते सहकारी येणार आहेत. त्यांची खुर्ची स्पीकरपासून दूर, दाराजवळ ठेवावी, एवढेच आम्ही कार्यकर्त्यांना सांगून ठेवले आहे.

जय भीम.